एका सिस्टरमागे किती रुग्ण? परिचारिकेच्या कामाचा थोडा इतिहास

"डॉक्टर, बेल वाजवून दहा मिनिटं झाली, सिस्टर अजून आल्या नाहीत." रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून ही तक्रार मी नेहमी ऐकतो. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा राउंडला येतात. उरलेला सगळा वेळ तुम्ही सिस्टरच्या हाती असता, त्यामुळे राग निघतो तोही त्यांच्यावरच.

तक्रार खोटी नसते. पण त्या दहा मिनिटांमागे बहुतेक वेळा आळस किंवा बेफिकिरी नसते, एक आकडा असतो: एका सिस्टरमागे किती रुग्ण? हा आकडा कुठून आला आणि तुमच्या जिवाशी त्याचा काय संबंध, ते आज पाहू.

दिवा आणि गटारे

'हातात दिवा घेतलेली बाई' हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिले असेल. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिकांना इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथे, एका बराकीत थाटलेल्या रुग्णालयात आणले जाई. नोव्हेंबर १८५४ मध्ये नाइटिंगेल ३८ महिलांना घेऊन तिथे पोचल्या. रुग्ण हजारोंनी होते. सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, हगवण आणि तापाने जास्त मरत होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्या दर शंभरांमागे चाळीसहून अधिक मृत्यू होत होते. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे साफ करून घेतली आणि हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आले.

म्हणजे दिव्याइतकाच वाटा गटारे साफ होण्याचाही होता, आणि हे जगाला आकड्यांनिशी पटवून दिले ते नाइटिंगेल यांनीच. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने नर्सिंगची शाळा सुरू झाली. नर्सचे पहिले कौशल्य म्हणजे रुग्णाचे नीट निरीक्षण, हा त्यांचा आग्रह होता. झोप कशी लागली, किती खाल्ले, चेहरा कालच्यापेक्षा वेगळा दिसतो का, हे पाहायचे आणि नेमके सांगायचे.

आजही हेच खरे आहे. प्रकृती बिघडू लागते तेव्हा रक्तदाब कोसळण्याच्या बऱ्याच आधी श्वासाची गती वाढते. ती मोजायला यंत्र लागत नाही. खाटेजवळ उभे राहून, घड्याळ लावून, एक मिनिट छातीकडे पाहावे लागते. रात्री दोन वाजता सिस्टरचा फोन येतो, "सर, रिपोर्ट ठीक आहेत, पण पेशंट मला बरा वाटत नाही." असा फोन कोणताही अनुभवी डॉक्टर हसण्यावारी नेत नाही.

आपल्याकडे कोण पुढे आले?

भारतात मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १८७१ मध्ये नर्सचे प्रशिक्षण सुरू झाले. आपल्या भागात मिरजेच्या मिशन रुग्णालयाने १८९७ मध्ये नर्सिंगची शाळा काढली. पण मुली मिळणे कठीण होते. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, जातीपातीचा विचार न करता सगळ्यांचे करायचे आणि वर रात्रपाळी. कोणते घर मुलीला पाठवणार? त्यामुळे सुरुवातीला हे काम मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुलींनी उचलले. 'सिस्टर' हा शब्दही रुग्णसेवा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींकडून आला. सरकारी कागदावर आज 'अधिपरिचारिका' लिहिले तरी वॉर्डात हाक सिस्टरच.

मिरजेची शाळा सुरू झाली त्याच वर्षी पुण्यात प्लेगची साथ होती. लोक रोग्याच्या जवळ जायला घाबरत होते. तेव्हा सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठी रोग्यांना आणत होत्या आणि त्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडे नर्सिंगचे प्रमाणपत्र नव्हते, पण काम तेच होते आणि धोकाही तोच. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनाने मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना, त्यांत अनेक विधवांना, या पेशाची वाट दाखवली.

सात डॉक्टर, एक नर्स

स्वातंत्र्याच्या तोंडावर सरकारने देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी केली. भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्यात नर्सची संख्या होती सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक. त्याच काळात ब्रिटनमध्ये ३०० लोकांमागे एक नर्स आणि १,००० लोकांमागे एक डॉक्टर होता.

हे आकडे पुन्हा वाचा. ब्रिटनमध्ये एका डॉक्टरमागे तीन नर्स होत्या. आपल्याकडे एका नर्समागे जवळजवळ सात डॉक्टर. औषध लिहून देणारे होते, ते वेळेवर देऊन रात्रभर लक्ष ठेवणारे नव्हते. ती कसर भरून काढली नातेवाइकांनी. आजही आपल्याकडे रुग्णाजवळ घरचे कोणीतरी बसलेच पाहिजे अशी अपेक्षा असते, तिच्यामागे हाही इतिहास आहे.

एका पाळीचा हिशेब

१९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि प्रशिक्षणाला देशभर एक शिस्त आली. परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स हवी. हे ऐकायला चैनीचे वाटते. पण तीन पाळ्यांत वाटले की एका वेळी नऊ खाटांमागे एक नर्स येते, आणि तेही पद भरलेले असेल तर. पदे रिकामी असतात, रजा असतात. मग रात्री एका सिस्टरकडे वीस, तीस, कधी त्याहून जास्त रुग्ण येतात.

वीस रुग्ण धरा. प्रत्येकाचे तापमान, नाडी, श्वास, रक्तदाब पाहून लिहायला पाच मिनिटे म्हणजे शंभर मिनिटे झाली. त्यातल्या बाराजणांना रात्री दहाचे इंजेक्शन आहे. नाव पडताळणे, औषध तयार करणे, हळूहळू देणे आणि नोंद, प्रत्येकी सहा मिनिटे, म्हणजे आणखी बहात्तर. सलाईन बदलणे, लघवीची पिशवी मोजणे, नवीन अॅडमिशन, ऑपरेशनहून आलेला रुग्ण, डॉक्टरांना फोन, नातेवाइकांचे प्रश्न आणि पाळी संपताना पुढच्या सिस्टरला एकेका खाटेची माहिती देणे अजून मोजलेलेच नाही. यात तुमची बेल वाजते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्सकडचा प्रत्येक वाढीव रुग्ण म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त, असे त्यात दिसले. कॅलिफोर्निया राज्याने तर एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत हे कायद्याने ठरवले आणि २००४ पासून अमलात आणले. आपल्याकडे निकष आहेत, पण बहुतेक ठिकाणी ते कागदावर राहतात.

बेचाळीस वर्षे

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिथल्या एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, पुढची आली. २०११ मध्ये दयामरणाच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचे कौतुक केले आणि अरुणा यांच्याबाबतीत तो अर्ज फेटाळला.

इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर बेडसोअर नव्हते, असे तपासणाऱ्या डॉक्टरांना दिसले. घरी अंथरुणाला खिळलेले माणूस ज्यांनी सांभाळले आहे त्यांना याचा अर्थ कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, त्वचा कोरडी ठेवायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, दिवसा आणि रात्रीही. या कामाचा बिलात वेगळा रकाना नसतो.

याच घटनेने दुसरी गोष्टही दाखवली: हे काम करणारी बाई कामाच्या जागीही सुरक्षित नाही. २०१० पासून महाराष्ट्रात डॉक्टर, परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरीही शिवीगाळ आणि अंगावर धावून जाणे थांबलेले नाही, आणि त्याचा पहिला मार सिस्टरलाच बसतो, कारण समोर त्याच असतात.

तुम्ही काय करू शकता?

• दाखल होतानाच सिस्टरना औषधांची अॅलर्जी, चालू गोळ्या आणि जुने आजार सांगा.

• सिस्टर औषध तयार करत असताना मध्येच बोलू नका. लक्ष विचलित झाले की चुका होतात.

• सलाईनचा वेग स्वतः कमी-जास्त करू नका.

• चादर, गरम पाणी, बिलाची चौकशी अशी कामे एकदम सांगा. पण श्वास लागणे, छातीत दुखणे, बडबडणे, ग्लानी किंवा रक्तस्राव दिसला तर थांबू नका. बेल वाजवा, कोणी आले नाही तर स्वतः जाऊन बोलवा. त्यात संकोच नको.

• तक्रार असेल तर ती इनचार्ज सिस्टर किंवा व्यवस्थापनाकडे लेखी द्या. रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरवर ओरडून रुग्णांची संख्या कमी होत नाही.

• नियोजित ऑपरेशनसाठी रुग्णालय निवडताना आपण खोलीचे भाडे विचारतो, एसी आहे का विचारतो. त्याबरोबर हेही विचारा: "रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात?" उत्तर देताना व्यवस्थापन थोडे अडखळेल. पण पुरेशा लोकांनी विचारले तर त्यांना हा आकडा सुधारावा लागेल. भोर समितीने हा प्रश्न देशापुढे मांडला त्याला ऐंशी वर्षे होत आली. आता तो रुग्णांनीही विचारायला हवा.