गणपतआबांच्या मागोमाग

साल 1962. सांगोला स्टेशनात नॅरोगेजची गाडी उभी आहे. तुम्ही दाटीवाटीत शिरता, कुर्डुवाडीला मोठी गाडी धरता आणि डोळ्यांत गेलेली कोळशाची कणी चोळत मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या जुन्या विधानभवनात पोचता. गॅलरीतून खाली बघा. 264 जणांच्या सभागृहात काँग्रेसचे 215, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) अवघे 15. त्या पंधरांत पस्तिशीतले एक वकील आहेत, सांगोल्याचे नवे आमदार गणपतराव देशमुख. मतं मोजून सरकारला हरवणं इथे अशक्य; म्हणून हत्यारं वेगळी. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना. मंत्र्यांनी मोघम उत्तर दिलं की लगेच उपप्रश्न. त्यासाठी गावोगावची माहिती तोंडपाठ लागते, आणि ती मुंबईत मिळत नाही.

म्हणून आता सांगोल्यात या. 1973चा उन्हाळा. माण नदीच्या पात्रात नुसती वाळू. दुष्काळी कामावर बाया खडी फोडताहेत. हातोडीच्या प्रत्येक घावाला कपची उडते, पोरं सुकडीच्या रांगेत उभी. 1972च्या निवडणुकीत गणपतराव पडलेत, आमदारकी नाही. पण 1974च्या पोटनिवडणुकीत याच लोकांनी त्यांना परत पाठवलं.

तिथून थेट 1993 नंतरच्या आटपाडीत. पाणी परिषदेच्या मांडवात तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं मांडीला मांडी लावून बसलीत. पाणी चळवळीतले नागनाथअण्णा नायकवडी आहेत, भारत पाटणकर आहेत, गणपतराव म्हणजे आबाही आहेत. मागणी एकच, कृष्णेचं पाणी वर चढवून आमच्या शिवारात आणा. अशा योजनेचा एकेक टप्पा पुरा व्हायला वर्षं जातात. दर अर्थसंकल्पात तरतुदीसाठी भांडावं लागतं. माझ्या मते आमदाराचा खरा कस इथेच लागतो, कारण श्रेय मिळेपर्यंत पिढी बदललेली असते.

आणि मतदार तेवढं थांबतोच असं नाही. 1995, मतमोजणी. गुलाल दुसरीकडे उधळला जातो. आबा फक्त 192 मतांनी हरले. एखाद्या वस्तीची मतं! इतकी वर्षं राबलेल्या माणसाला हे लागलं नसेल असं कसं म्हणायचं? पण त्यांनी ना पक्ष बदलला, ना मतदारसंघ. सत्तरी उलटल्यावर, 1999ला, ते पुन्हा निवडून आले, मंत्रीही झाले.

2014. एकाच पक्षाकडून, एकाच मतदारसंघातून अकरावा विजय. तुम्ही एसटीत बसा. आबांचा प्रवास बहुतेक एसटीनेच. आमदारांसाठी राखीव सीटशेजारी उभं राहिलात तर कळेल, लोकप्रतिनिधीला गाठायला चिठ्ठी लागत नाही, ओळख लागत नाही. कुणाची विजेची डीपी जळलेली असते, कुणाच्या सातबाऱ्यावर नाव चुकलेलं, कुणाला टेंभू उपसा योजनेतून कृष्णेचं पाणी आपल्या गावाला कधी येणार ते विचारायचं असतं. तिकीट काढलं की झालं.