फेसाच्या घरट्याची कुळकथा

मत्स्यालयाच्या दुकानात फायटर मासा बरणीत एकटाच ठेवलेला असतो. लांब झिरझिरीत पर, भडक निळा-तांबडा रंग आणि शेजारच्या बरणीतला नर दिसला की कल्ल्यांची झाकणं फुलवून काचेवर धावून जायची खोड. त्याचा रानातला भाऊबंद शेजारी ठेवला तर नातं पटणार नाही. तोकडे पर, चिखलात मिसळून जाणारं करडं-तपकिरी अंग, आणि उन्हाची तिरीप पडली तरच खवल्यांवर उमटणारी हिरवी चमक. पुण्यात खराडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी हाच रानफायटर पाळतो. त्याची कहाणी सांगणारे बहुतेकजण झुंजीपासून सुरुवात करतात. मला ती घरट्यापासून सांगायची आहे.

हा मासा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातखाचरं, चर, दलदल ही त्याची वस्ती. असल्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेणारं एक घड्याघड्यांचं इंद्रिय त्याला लाभलं आहे. आपल्याकडची मरळही अशीच वर येऊन हवा घेते. त्यामुळे फायटर मडक्यातही जगतो, आणि विणीसाठीही त्याला वाहतं पाणी लागत नाही. नर तोंडातून चिकट बुडबुडे सोडत पाण्यावर फेसाचं घरटं रचतो, मादीभोवती अंगाचा वेढा घालतो आणि खाली घरंगळणारी अंडी तोंडाने वेचून फेसात चिकटवतो. मग मादीला हुसकावून एकटा पहाऱ्याला बसतो. हे सगळं वीतभर पाण्यात. झुंजवायला माणसाकडे कोंबडे होते, एडके होते. पण ज्याचा वंश घरातल्या एका भांड्यात वाढवता येतो असा झुंजार जीव दुसरा कुठला? झुंजीमुळे त्याला घरात आणलं असेल, टिकला मात्र तो या घरट्यामुळे.

कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली या माशाच्या जनुकांचा अभ्यास मांडला. त्यानुसार माणसाने त्याला पाळायला लागून किमान हजार वर्षं झाली. एवढ्या काळात चिवट नर निवडून त्यांचीच वीण वाढवली गेली. रानातले दोन नर भिडले तर बहुधा काही मिनिटांत एकजण माघार घेतो. झुंजीसाठी घडवलेले नर तासन्‌तास सोडत नाहीत. हा स्वभाव माणसाने घडवला, आणि आपण तो माशाच्या माथी मारतो. सयामात या झुंजी भरवण्याचा मक्ता दिला जाई आणि त्यातून राजाच्या तिजोरीत चांगला महसूल पडे. ही नोंद थिओडोर कँटर या कंपनी सरकारच्या नोकरीतल्या डॅनिश डॉक्टरची. त्याने १८४९ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या माशाला शास्त्रीय नाव दिलं. ते दुसऱ्याच जातीचं ठरतं असं दिसल्यावर लंडनच्या चार्ल्स टेट रीगनने १९१० साली ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे आजचं नाव दिलं.

फेसातल्या बाळंतपणाचं कौतुक मात्र आधी पॅरिसने केलं. पिएर कार्बोनिएने १८६९ साली चीनमधून आलेले पॅराडाइज मासे, म्हणजे फायटरचे चुलतभाऊ, घरच्या टाकीत वाढवले आणि त्यांची वीण जवळून पाहिली. डार्विनने ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये त्याच्या निरीक्षणांचा आधार घेतला. काचेच्या टाकीत मासे वाढवण्याचा छंद युरोपात फोफावला त्याला या माशांचाही हातभार लागला.

खराडीत जोडी लावायची तर पहिली अडचण पाण्याची. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड, आणि या माशांना हलकं, किंचित आंबट पाणी मानवतं. मी त्यात आरओचं पाणी मिसळतो आणि देशी बदामाची वाळलेली पानं टाकतो. हिवाळ्यात सोसायटीच्या आवारात लाल होऊन पडतात तीच. पाणी चहासारखं होतं आणि अंड्यांवर बुरशी सहसा धरत नाही. दोनेक दिवसांत अंडी फुटतात आणि फेसाखाली बारीक शेपट्या लोंबू लागतात. एखादं पिल्लू सुटून तळाकडे निघालं की बाप खाली झेपावतो, त्याला तोंडात घेतो आणि पुन्हा फेसात थुंकतो. रात्रंदिवस हेच. पिल्लं आडवी पोहायला लागली की बापाला काढून घ्यायचं आणि पिल्लांना आधी नुसत्या डोळ्यांनी न दिसणारे, मग आर्टेमिया नावाचे बारीक जीव खायला द्यायचे. हवेचा श्वास घेणारं इंद्रिय पहिल्या काही आठवड्यांत तयार होतं, तोवर टाकी झाकलेली हवी. पुण्याच्या डिसेंबरात वरची हवा गार राहिली तर पिल्लं दगावतात.

रानफायटर पाळणारे आणखी एक पथ्य पाळतात. प्रत्येक टाकीवर जात आणि गाव लिहिलेली चिठ्ठी. समुत सखोनच्या खाऱ्या दलदलीतला ‘महाचायेन्सिस’, ज्याला स्वतंत्र जात म्हणून २०१२ साली मान्यता मिळाली, तो ‘इंबेलिस’ या दुसऱ्या रानजातीशी मिसळू द्यायचा नाही. दुकानातल्या फायटरमध्ये या दोघांचंही रक्त मिसळलेलं आहे, हे त्याच २०२२च्या अभ्यासातून दिसलं. थायलंडातल्या दलदली बुजत चालल्या आहेत, तेव्हा शुद्ध वंश टाक्यांमधून तरी राहावा एवढ्यासाठी ही चिठ्ठी. आणि पिल्लं जास्त झाली तरी मुळा-मुठेत सोडायची नाहीत. खराडीला वळसा घालून हे पाणी भीमेतून उजनीला जातं, आणि तिथले मच्छीमार शोभेच्या टाक्यांमधून आलेला सकर मासा आधीच जाळ्यातून सोडवत बसले आहेत. जास्तीची पिल्लं पाळणाऱ्यांमध्ये वाटली जातात, चिठ्ठीसकट.