लोखंडी धांव आणि रबरी टायर

विजेवर चालणारी पिकअप गाडी घेऊं पाहणारा गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो बॅटरीचा, आणि दुसरा चाकांचा. कारखान्यानें दिलेलीं चाकें ठेवावींत, कीं तीं उतरवून खडबडीत नक्षीचे, हव्या त्या वाटेनें जाणारे टायर व त्यांजोगीं रुंद चाकें बाजारांतून बसवून घ्यावींत? प्रश्न अगदीं आजचा वाटतो. परंतु कोल्हापूरच्या भागांत तो मोटारीच्याहि आधींचा आहे. त्या वेळीं गाडी ओढणारा बैल होता, आणि चाकांचा बाजार म्हणजे गांवच्या सुताराची व लोहाराची शाळ होती. श्रोतेहो, त्या प्रश्नाचा थोडा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. चाक कोणतें निवडावें या वादामागें नेहमीं दुसराच एक वाद असतो: ओझें कोणीं सोसावें, जनावरानें, रस्त्यानें, कीं मालकाच्या खिशानें?

जुन्या बैलगाडीचें चाक ही एकट्या कारागिराची कृति नसे. सुतारानें बाभळीचें चिवट लांकूड निवडावें, मधला तुंबा घडवावा, त्यांत आरे ठोकावे, आणि आऱ्यांच्या टोकांवर घेराचे वांकडे तुकडे जुळवून वर्तुळ पुरें करावें. येथवर तें दिसावयास चाक; पण भार पडतांच विस्कटावयाचें. त्याला बळ येई तें लोहाराच्या हातून. घेरापेक्षां किंचित् लहान अशी लोखंडी पट्टी, म्हणजे धांव, तो गोवऱ्यांच्या जाळांत लाल होईपर्यंत तापवी. ती पसरली कीं चिमट्यांनीं उचलून चाकावर बसवी, आणि लागलीच पाणी ओती. लोखंड आकसे, आरे तुंब्यांत घट्ट बसत, आणि सारें चाक एकजीव होई. उन्हाळ्यांत लांकूड सुकून धांव ढिली पडली म्हणजे शेतकरी चाकें ओढ्याच्या पाण्यांत बुडवून ठेवी. उष्णतेनें धातु प्रसरण पावतो हा पाठ शाळेच्या पुस्तकांत येण्यापूर्वीं आमच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या गिरविला गेला होता.

हें चाक उंच असे, तें डौलासाठीं नव्हे. चाक जितकें मोठें, तितका खड्डा त्याला लहान. धांव मात्र अरुंद असे. चिखलाखालीं कठीण थर असला तर ती तेथवर उतरे आणि गाडी पुढें सरके. नसला तर शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानांत गाडी आंसापर्यंत रुते, आणि मग चार माणसांचे खांदे व बैलांच्या माना यांवांचून दुसरा उपाय नसे.

अशीं चाकें पक्क्या रस्त्यावर आलीं तेव्हां खरी अडचण सुरू झाली. १८९१ मध्यें मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली; १८९५ मध्यें शाहू छत्रपतींनीं शाहूपुरीची पेठ वसविली. तेथें गुळाचा व्यापार वाढला, आणि हंगामांत पेठेकडे येणाऱ्या गाड्यांच्या रांगा लागूं लागल्या. प्रत्येक गाडीच्या दोन अरुंद धांवा खडीच्या रस्त्यावर करवतीप्रमाणें फिरत. खडी फुटे, तिची भुकटी होई, आणि मागच्या गाड्या पुढच्यांच्याच रेषेंत चालल्यामुळें दोन खोल चाकोऱ्या पडत. चाकोरी हा शब्द आपण आतां माणसांच्या आयुष्याबद्दल वापरतों, पण तो आला तो या धांवांखालून. पुढें मोटारी आल्या, त्यांच्या वेगवान् रबरी चाकांनीं ही भुकटी उडविली, आणि रस्त्याचीं हाडें उघडीं पडलीं.

१९२७ मध्यें मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थानच्या रस्त्यांचा विचार करण्यास समिति नेमण्यांत आली. तिचा अहवाल १९२८ मध्यें आला, १९२९ मध्यें पेट्रोलवरील जादा करांतून रस्त्यांसाठीं निधि उभा राहिला, आणि १९३४ मध्यें इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनियरांची संस्था स्थापन झाली. इंजिनियरांच्या चर्चांत बैलगाडीची लोखंडी धांव आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी असे. मला हा आरोप अर्धाच न्याय्य वाटतो. धांव रस्ता फोडीत होती हें खरें; पण ज्या मालासाठीं तो रस्ता बांधला होता तो माल तीच वाहून आणीत होती.

सुटका आली ती एका जनावरांच्या डॉक्टराकडून. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ मध्यें हवेनें भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. रॉबर्ट थॉमसन यांनीं हीच कल्पना १८४५ मध्यें नोंदविली होती, परंतु ती विस्मृतींत गेली होती. योगायोग असा कीं त्याच १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान थाटलें. हवेच्या चाकाची ओळख आमच्या शहरांना सायकलीनेंच करून दिली. डनलॉप कंपनीचा बंगालमधील साहागंज येथील कारखाना १९३६ मध्यें सुरू झाला. पुढें रबरी चाकांची बैलगाडी खेडोपाडीं पोंचली, आणि आमच्या शेतकऱ्यानें त्या पशुवैद्याचें आडनांव तिला देऊन टाकलें. आजहि उसाच्या हंगामांत ‘डनलॉप’ म्हटलें कीं डोळ्यांपुढें टायर न येतां गाडी येते.

या चाकाचा गुण सोपा आहे. लोखंडी धांव खड्यावर चढते आणि साऱ्या ओझ्याला उचलते. हवेची गादी तो खडा पोटांत घेते. प्रत्येक खड्यागणिक जुवांतून बैलाच्या मानेला बसणारा हिसका त्यामुळें कमी होतो, आणि रस्ताहि वांचतो. आक्षेपहि होते. बाभळीचा कांटा लोखंडाला कांहीं करीत नसे, रबरांत मात्र शिरे. चाक दुरुस्त करणारा लोहार गांवांत होता, पण पंक्चर काढणारा तालुक्याला. शिवाय रबरी चाकाबरोबर सुताराचें आणि लोहाराचें एक जुनें काम गेलें, त्याचा हिशेब कोणीं मांडला नाहीं.

आणि बैलाला मिळालेली विश्रांति तरी किती टिकली? ओढावयाच्या जनावरांवरील क्रूरतेस आळा घालण्यासाठीं १९६५ मध्यें जे नियम झाले, त्यांत मोठ्या बैलाला दोन चाकांच्या गाडींत ओढावयाचें कमाल वजन दिलें आहे. हवेचे टायर नसतील तर ९०० किलोग्रॅम. असतील तर १३५०. बॉल-बेअरिंग असेल तर १८००. चाक सुधारलें, तसतसें कायद्यानेंच ओझें वाढवून दिलें. साखर कारखान्याच्या दारीं उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या कीं ही मर्यादाहि किती पाळली जाते याची शंका येते. सवलत बैलाच्या नांवें आली, आणि ती वापरली मालकानें.

बैलगाडीच्या टायरवर खोल नक्षीची गरज नसते. तेथें चाक ओढलें जातें. जमिनीची पकड घेतो तो नाल ठोकलेला खूर. मोटारींत चाकालाच पाय व्हावें लागतें, म्हणून नक्षी आली, आणि चिखलासाठीं खोल नक्षी आली. १९४७ पासून मुंबईंत जीप गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या आणि असे टायर आपल्या परिचयाचे झाले. पेट्रोलच्या दिवसांत त्यांची किंमत फारशी जाणवली नाहीं. चाक जड फिरलें तर वाटेंत आणखी चार लिटर घ्यावे, एवढेंच.

विजेच्या गाडीनें तो जुना हिशेब परत आणला आहे. या गाडीचा आणि हवेच्या टायरचा संबंध नवा नाहीं. १८९९ मध्यें कामीय जेनात्झी यांनीं ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली ती विजेच्या मोटारींतून, मिशलँच्या हवेच्या टायरांवर. पण आजची विजेची पिकअप बैलासारखी आहे. सकाळीं जेवढी शक्ति पोटांत घालून निघाली, तेवढ्यांत तिला बराचसा दिवस काढावयाचा असतो. खडबडीत, रुंद, जड टायर लावला कीं तिचा पल्ला घटतो. बॅटरीचें वजन चाकांवर सतत असतें, आणि विजेची ओढ थांबलेल्या चाकाला एकदम मिळत असल्यामुळें रबर लौकर झिजतें.

म्हणून बाजारांत टायर पाहतांना नक्षीपूर्वीं त्याच्या कुशीवरील भाराचा आंकडा वाचावा. ११६ म्हणजे एका टायरवर १२५० किलोग्रॅम. मूळ टायरच्या आंकड्याहून खालचा टायर कितीहि रुबाबदार असला तरी घेऊं नये. चाक मुळापेक्षां बाहेर काढून बसविलें तर बेअरिंगवर ताण येतो. शिवाय नोंदणींतील तपशिलाविरुद्ध फेरफार केल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आडवें येतें. ज्याचा माल जयसिंगपूर, इचलकरंजी आणि शाहूपुरी यांच्यामध्यें डांबरी रस्त्यानें फिरतो, त्यानें कारखान्याचेच टायर ठेवावे आणि त्यांत हवा बरोबर आहे कीं नाहीं तें दर आठवड्यास पहावें. गगनबावडा, आजरा, चंदगड या बाजूस वस्तीपर्यंत जांभ्याच्या तांबड्या वाटेनें जावें लागणाऱ्याला पावसाचे चार महिने खोल नक्षी हवीच. त्यानें पल्ल्यांतले कांहीं किलोमीटर त्या चिखलाला द्यावे, आणि पाऊस सरला कीं मूळचे टायर पुन्हां चढवावे.