मंडळीचे घर कोणाच्या नावावर?

* पाळकांच्या नावावरची जागा : सातबारा किंवा घरपट्टीचा उतारा एकट्या पाळकांच्या नावे असला, की कागदोपत्री ते त्यांचे खासगी घरच दिसते. त्यांच्या पश्चात वारसनोंद होते आणि वर्गणीतून उभे केलेले उपासनागृह मंडळीच्या हातून जाऊ शकते. कर्जत-खालापुरात फार्महाऊसवाल्यांची जमिनीला मागणी असताना हा धोका मोठा आहे. खात्रीचा उपाय म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली न्यासाची नोंदणी करून इमारत त्याच्या मिळकतीत दाखवणे. मग कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ती विकता किंवा बक्षीस देता येत नाही. विश्वस्त बदलले, की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे राहून गेले, की पुढे विश्वस्त कोण यावरच वाद पेटतो. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालची धार्मिक संस्थाही याच नियमांत येते.

दुसरा मार्ग, मालकी मोठ्या मध्यवर्ती न्यासाकडे देऊन वापर स्थानिक मंडळीकडे ठेवण्याचा. तो स्वीकारताना अटी दस्तात लिहून घ्याव्यात. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या मिळकतींबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले, की केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे जात नाहीत. जागा मुळात आदिवासी खातेदाराची असेल, तर हस्तांतरणावरील बंधनांसाठी जमीन महसूल संहितेचे कलम 36अ आधी पाहावे. पाळक हयात असतानाच ही कागदपत्रे पुरी करावीत, ही वाचक मंडळ्यांना कळकळीची विनंती. — संपादक