गादीची परतीची वाट

जळगाव असो की धुळे, घर बदलताना हमखास अडून राहणारी वस्तू म्हणजे जुनी फोमची गादी. भंगारवाला लोखंडी पलंग उचलतो, रद्दी तोलून घेतो, गादीला मात्र हात लावत नाही. घंटागाडीत ती मावत नाही. मग ती वर्षभर गच्चीवर भिजते, नाल्याच्या काठाला जाते, नाहीतर कोणीतरी रात्री पेटवून देतो. याचे खापर लोकांच्या बेशिस्तीवर फोडले जाते. खानदेशातल्या गादीचा इतिहास पाहिला, तर हे निदान अपुरे ठरते. पूर्वीचे लोक आजच्यापेक्षा शिस्तशीर होते म्हणून गाद्या उकिरड्यावर दिसत नव्हत्या, असे नाही. ज्या धंद्याने गादी भरली, तोच धंदा ती पुन्हा उसवायला दारात येत होता. फोमने ही परतीची वाट बंद केली आणि तिच्या जागी दुसरी वाट कोणी बांधली नाही.

कापसाची गादी इथल्या मातीतून आली. 1860च्या दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला. त्या तेजीत जळगाव कापसाची मोठी पेठ झाले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पेठेला फटका बसला, पण जिनिंग-प्रेसिंगचा धंदा टिकला आणि वाढला. पुढे जळगावात, अमळनेरला, धुळ्यात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. 1900 मध्ये चाळीसगाव-धुळे लोहमार्ग सुरू झाला. खानदेशातला देशी कापूस आखूड धाग्याचा आणि जाडाभरडा. बारीक सूत काढणाऱ्या गिरण्यांना तो नकोसा वाटे. पण गिरणीच्या लेखी जो अवगुण, तोच गादीत गुण होता. आखूड, राठ तंतू दाबाखाली लवकर लगदा होत नाही, पिंजला की पुन्हा फुगतो. बाजारात भाव न मिळणारा फरदडीचा, डागाळलेला कापूस घरच्या गाद्या-उशांच्या कामी येई. म्हणजे गादीचा कच्चा मालही मोठ्या धंद्याच्या उरल्यासुरल्यातून मिळत होता.

या व्यवस्थेचा कणा होता पिंजारी. खांद्यावर भलीमोठी धनुकली घेऊन तो गल्लीत आला की दिवाळीआधीची किंवा उन्हाळ्यातली गाद्यांची कामे निघत. अंगणात गादी उसवायची, खोळ धुवायला टाकायची, आतला गठ्ठे झालेला कापूस मोकळा करून उन्हात पसरायचा. मग पिंजारी धनुकली टांगून तिची आतड्याची ताणलेली तात कापसात धरी आणि डमरूसारख्या लाकडी ठोक्याने तिच्यावर आघात करी. तात थरथरली की गाठी सुटत, माती आणि कचरा खाली बसे, हलका कापूस वर उडून बाजूला साचे. तुटलेले तंतू गळाल्याने वजन थोडे घटे. तेवढी नवी भर घालून गादी पुन्हा भरली जाई आणि जाड सुईने टाके घालून कापूस जागच्या जागी बांधला जाई. बरीच वर्षे हे झाले की मोठ्या गादीची लहान गादी होई, तिच्यातून उशा निघत, खोळीचे धडके गोधडीत जात. शेवटी जे उरे ते मातीत मिसळणारे होते. दर टप्प्यावर कोणाला तरी मजुरी मिळत होती आणि ती द्यायला घर तयार होते, कारण नव्या गादीपेक्षा पिंजणावळ स्वस्त पडे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ही व्यवस्था गोड करून सांगू नये. पिंजाऱ्याच्या छातीत आयुष्यभर कापसाची धूळ जाई. कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे गिरणी कामगारांच्या आजारातून जगाला कळले. अंगणात पिंजणाऱ्याची नोंद कोणी ठेवली नाही. मजुरी तुटपुंजी होती, काम हंगामी होते, मानही कमीच मिळे. त्यांची मुले या कामातून बाहेर पडली असतील, तर त्याचे दुःख करण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय कापसाची गादी जड, ओल धरणारी, ढेकणांना सोयीची. फोम हलका आणि उन्हात टाकण्याची कटकट नसलेला. घरांनी तो स्वीकारला यात गैर काही नाही. पण यातून एवढेच सिद्ध होते की जुने काम जुन्या पद्धतीने चालू राहायला नको होते. वस्तू परत घेण्याचे कामच संपावे, असे त्यातून निघत नाही. विजेवर चालणारी पिंजण यंत्रे आली तेव्हा पद्धत बदलली आणि काम टिकले, हा दाखला आपल्यासमोर आहे.

दुसरा आक्षेप खास जळगावचा. हे शहर प्लास्टिकच्या चटईसाठी देशभर ओळखले जाते आणि त्या चटयांमध्ये पुनर्वापर केलेले प्लास्टिकही वापरले जाते. मग फोमचे अवघड काय? अवघड त्याच्या रसायनात आहे. चटईचे पॉलीप्रॉपिलीन तापवले की वितळते, त्याचे दाणे करून पुन्हा धागा ओढता येतो. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलेल्या पॉलीयुरेथेनपासून आजचा बहुतेक फोम बनतो. त्याच्या साखळ्या एकमेकींशी रासायनिक गाठींनी जखडलेल्या असतात. तापवल्यावर तो वितळून पुन्हा साच्यात घालता येत नाही, जळतो मात्र, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू सोडतो. तरीही मार्ग आहे. फोम कोरडा आणि स्वच्छ असेल तर त्याचा चुरा उशांत भरता येतो, किंवा चिकटवून, दाबून त्याचा घट्ट रीबॉन्डेड फोम होतो, जो नव्या गादीच्या तळाला चालतो. म्हणून जुनी गादी पावसात न टाकता, न जाळता, खोळ काढून गादी-कारखान्याकडे विचारणे हे घरातल्या माणसाचे पहिले कर्तव्य आहे.

मात्र एकट्या घराच्या कर्तव्याने वाट तयार होत नाही. फोम आकाराने प्रचंड, वजनाने किरकोळ. वजनावर जगणाऱ्या भंगारवाल्याला त्याची वाहतूक परवडत नाही. इथेच तिसरा आक्षेप येतो : मग खर्च कोणी सोसायचा? फ्रान्समध्ये 2013 पासून फर्निचर आणि गाद्यांच्या किमतीतच विल्हेवाटीचे शुल्क घेतले जाते. अमेरिकेत कनेक्टिकट, कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी त्याच वर्षी गाद्यांसाठी तसे कायदे केले. आपल्याकडेही टायर, बॅटरी, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि प्लास्टिकचे वेष्टन यांची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम आहेत. गादी त्यांत नाही. गाद्या महाग होतील हे खरे, पण पिंजणावळही घरेच देत होती. फरक एवढाच की तो खर्च उघड होता आणि त्याच्या बदल्यात वस्तू परत वापरात येई. आजचा खर्च लपलेला आहे. तो नाल्याकाठी राहणारे आणि धूर श्वासात घेणारे भरतात. गादी विकणाऱ्याने नवी पोहोचवताना जुनी परत न्यावी, महापालिकेने ती कोरडी साठवायला जागा द्यावी, आणि चुरा करण्याचे काम धुळीपासून संरक्षण व पक्की मजुरी देऊन गादी-कारखान्यांकडे सोपवावे. कापूस आणि प्लास्टिक या दोन्ही धंद्यांत टाकाऊचे मोल करणाऱ्या खानदेशाला हे अशक्य नाही.