गेडिस यांची मिरवणूक आणि झाडूचा प्रश्न

नगररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान आदराने शिकवले जातात. ते योग्यच आहे. प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टसारख्या संस्था दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढत होत्या. गेडिस यांनी आपली शहरे पायी फिरून पाहिली आणि सांगितले, की अशा पाडापाडीने गरीब फक्त शेजारच्या वस्तीत ढकलला जातो. कमीत कमी पाडा, आहे ते सुधारा, हा त्यांचा आग्रह. बुलडोझरच्या आजच्या दिवसांत तो पुन्हा वाचावा असाच आहे.

पण त्यांचे इंदूरचे काम आपण आपल्या नजरेने तपासले पाहिजे. प्लेगने ग्रासलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढली. रावण, उंदीर, डास यांच्या प्रतिमा होत्या, आणि सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, सजवलेल्या गाड्यांसह मानाने चालले. ज्यांचा स्पर्श टाळला जाई, त्यांना भर रस्त्यात मान मिळाला. मी हे क्षुल्लक मानत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी झाडू पुन्हा त्यांच्याच हाती होता. तो जन्माने का ठरतो, हा प्रश्न त्या मिरवणुकीत कुठेच नव्हता.

1919 मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. बाबासाहेब तेव्हा त्याच शहरात सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते आणि राहत होते परळला, ट्रस्टच्याच चाळीत. कॉलेजात ना घाण होती ना प्लेग. तरी त्यांनी एकाच माठातले पाणी प्यावे, हे काही सहकारी प्राध्यापकांना खुपले. स्वच्छतेचा कुठला आराखडा यावर उपाय ठरला असता?

बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडून शहराकडे जायला सांगितले, पण शहरही आपोआप जात सोडत नाही. त्रिना विठायथिल आणि गायत्री सिंग यांनी 2001 च्या जनगणनेवरून सात महानगरांचा अभ्यास 2012 मध्ये मांडला. त्यात आर्थिक-सामाजिक स्थितीपेक्षा जातीनुसार वस्त्या अधिक विभागलेल्या दिसल्या. म्हणजे 'शहरात फक्त गरीब-श्रीमंत असतात' हा दावा आकड्यांपुढे टिकत नाही. आता जातनिहाय जनगणना येते आहे. तिचे आकडे वॉर्डापुरते नकोत, गल्लीच्या पातळीवर मागा. एकाच वॉर्डात उंच सोसायटीही असते आणि आपली वस्तीही. वॉर्डाच्या सरासरीत दोघांमधली भिंत लपून जाते.