हुंडणावळीची तूट आणि खाडीचे मीठ

ठाणे, भाईंदर, उरण येथील मिठागरे आणि कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठची आगरी गावे आपल्या परिचयाची आहेत. या खाडीच्या मिठाने एके काळी साम्राज्याच्या लष्करी खर्चातील तूट भरून काढण्यास हातभार लावला, ही हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. म्हणून ती येथे थोडक्यात मांडतो.

हिंदुस्थान सरकारचा महसूल रुपयांत, म्हणजे चांदीत, जमा होई. लंडनमधील देणी मात्र सोन्याच्या पौंडांत भागवावी लागत. त्यांत कर्जावरचे आणि रेल्वेच्या भांडवलावरचे व्याज होते (आपला ठाणे-कल्याण लोहमार्गही अशाच हमीच्या व्याजावर उभा राहिला). शिवाय निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्करी सामान आणि इकडे धाडावयाच्या गोऱ्या पलटणींच्या भरतीचा व शिक्षणाचा खर्चही होता. येथे चाकरी करणाऱ्या गोऱ्या शिपायाचा पगारदेखील पौंडांत ठरलेला असे आणि सरकारी दराने रुपयांत चुकता होई.

१८७१ नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, चांदीचा भाव कोसळला आणि त्याबरोबर रुपयाही. १८७३-७४ साली सुमारे २२ पेन्सांचा असलेला रुपया १८९२-९३ मध्ये १५ पेन्सांवर आला. त्या वर्षी लंडनला धाडलेल्या १ कोटी ६५ लाख पौंडांसाठी २६ कोटी ४८ लाख रुपये मोजावे लागले. जुन्या दराने १७ कोटी ७५ लाखांत काम भागले असते. पलटण एकाही शिपायाने वाढली नसती तरी खर्च वाढतच गेला असता.

ही तूट कोणी भरावयाची? १८८८ च्या जानेवारीत मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. त्याच्या कारणांत ब्रह्मदेशातील मोहिमेच्या खर्चाबरोबर हुंडणावळीची घसरणही होती. मणभर मीठ पिकविण्यास आण्यांचा खर्च येई आणि कर रुपयांत, हे येथे ध्यानात घ्यावे.

१८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या. त्याच वर्षी युरोपियन अधिकाऱ्यांसाठी विनिमय-भत्ता सुरू झाला. वर्षाला १,००० पौंडांच्या मर्यादेत त्यांचा निम्मा पगार १८ पेन्सांच्या दराने धरून फरक सरकारने द्यावयाचा होता. विलायतेत मुलाबाळांना पैसे धाडणाऱ्याची अडचण खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु भत्त्याचा रुपयाही त्याच तिजोरीतून जाई, आणि त्या तिजोरीत मीठ खाणाऱ्या प्रत्येकाची पै होती. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी या भत्त्यावर टीका केली.

१८९८ च्या सुमारास रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला आणि अंदाजपत्रकांत शिल्लक दिसू लागली. घसरलेल्या रुपयासाठी बसविलेले कर रुपया सावरल्यावरही तसेच ठेवल्याने ही शिल्लक उरते, असे गोखल्यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्या अंदाजपत्रकीय भाषणात दाखविले आणि मिठाचा कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी तो २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया. म्हणजे १८८८ साली चढविलेला आठ आण्यांचा बोजा उतरण्यास १५ वर्षे लागली.